मठ्ठ्याची पाळी

"एकशे बारा हल्ला आहे बे माझ्याचा,
तुझ्याचा चाळीस. दे की बदलून."
मुदस्सर पायरीवर आणखी सरकून बसतो.
लावण्या मोबाइल पोटाशी उलटा धरते.
गेल्या गड्ड्यात पडला, तेव्हापासून स्क्रीनला तडा,
तो नेमका मठ्ठ्याच्या पाठीवरून जातो.

मठ्ठ्या. प्रकार: दगड.
हल्ला चाळीस, बचाव एकशे तीस, प्राण पंचाण्णव,
वेग नऊ.
नऊ!
आमच्या विडी घरकुलात येणारा टँकरसुद्धा याहून चपळ.
मुदस्सरचा धगधग्या आगीचा,
वेग अठ्ठ्याण्णव, शेपटीला ठिणग्या, प्राण साठ,
बचाव एकतीस, तो आकडा मुदस्सर
अंगठ्याखाली झाकून दाखवतो.

मी दारात बसून ऐकायलोय.
चोवीस वर्षं जेकार्डची कार्डं पाडली मी.
भोक म्हणजे धागा वर,
भोक नाही म्हणजे खाली.
मोर, हत्ती, एकदा तर अख्खा वाघ
आलेखाच्या घराघरांत बसवला, डबल बेडच्या चादरीवर.
आता ते काम कॉम्प्युटर करतो.
पण ही चौकोनी जनावरं मला परकी वाटत नाहीत.
"याची शेपूट दोन घरं लांब झालीय," म्हटलं एकदा.
दोघांनी माझ्याकडं असं बघितलं
की भिंतीवरचा पंखाच बोलला.

"पाणी आगीला मारतं, नान्ना," लावण्या मला शिकवते,
"आग गवताला. गवत दगडाला."
आणि पाण्याला?
"वीज."
हे मात्र पटलं. आमच्याकडं नळ आला
की लाइट जाते, मोटर गप्प.
"मग पाण्याचे प्राणी
चौथ्या दिवशीच सापडत असतील."
ती हसत नाही. खेळात चेष्टा चालत नाही.

"बेरीज कर ना," मुदस्सर पेटलाय,
"माझा तीनशे एक, तुझा दोनशे चौऱ्याहत्तर."
"बेरजेनं काय होतंय?
समोर कोण आहे ते बघायचं असतंय."
अकरा वर्षांची पोरगी.
हे हिला कुणी सांगितलं?

रात्री जुनी आलेखवही काढली, गंमत म्हणून.
मेहुणा व्यंकटी: प्रकार वारा, हल्ला दोनशे, सगळा तोंडाचा.
कारखान्याचा मुकादम: प्रकार भोंगा.
मी: प्रकार सूत. वेग होता.
राजमणी: प्रकार
तंबाखू लिहिलं. खोडलं.
वेग: दिवसाला हजार विड्या, डोळे टीव्हीवर, बोटं सुपात.
हल्ला: हे मी कुठं लिहिणार नाही.
बचाव: नाकावर पदराचं टोक, बास.
प्राण:
आतून खोकला आला, मग कुशीवर वळल्याचा आवाज.
पेन्सिल ठेवून दिली.
घर कोरं राहिलं.
आमच्या धंद्यात कोरं घर म्हणजे धागा नाही, असं नव्हे.
तो खालून चाललेला असतो.

अडीचला नळ आला.
मी चप्पल शोधतोय तोवर
तिचे दोन हंडे भरूनही झाले.
मग लाइट गेली, ठरल्यासारखी.
चार्जिंगला लावलेला लावण्याचा मोबाइल
प्लग सुटल्यागत एकदा चमकला.
लढाई अर्धवट टाकून झोपली होती पोर.
धगधग्यानं तीन वार करून घेतलेले,
तड्याच्या अलीकडं मठ्ठ्या उभा, प्राण अकरा,
आणि खाली अक्षरं: मठ्ठ्याची पाळी.

"बंद करू नका," राजमणी म्हणाली.
त्या उजेडात तिनं तिसरा हंडा
नळाखाली सरकवला.